भाच्याची वही: साइट डायरीसारख्या नोंदी, जानेवारी ते एप्रिल २०२५

५ जानेवारी २०२५, रविवार

काल रात्री आपाचा फोन आला, रडत होती. पोरगा हाताबाहेर गेला, मी थकले, तू त्याचा मामू आहेस, आता तूच बघ. आज सकाळीच गोव्यात फोंड्याजवळ कुर्टीला तिच्याकडे गेलो आणि रात्रीपर्यंत थांबलो.

मी बिल्डिंगच्या कामावर सुपरवायझर आहे, सोळा वर्षं रोज संध्याकाळी साइट डायरी लिहितोय, किती मजूर आले, सिमेंट किती लागलं, काम कशामुळे अडलं. लिहून ठेवलं नाही तर दोन दिवसांनी प्रत्येकाची गोष्ट वेगळी होते आणि मग भांडणं. म्हणून याचीपण एक वेगळी वही घातली, आपाला सांगूनच.

आधी काय आहे ते लिहितो, बरं-वाईट नंतर. भाचा १५ वर्षांचा, नववीत. रात्री दीड-दोनपर्यंत मोबाईल. शाळा पावणेआठची, हा उठतो सात वीसला, तोंडावर पाणी मारून नाश्ता न करता व्हॅनमध्ये. दीडला शाळा सुटते, दोनला घरी, जेवला की अडीचपासून साडेपाचपर्यंत झोप. संध्याकाळी नाक्यावर, तिथे वीस रुपयांची एनर्जी ड्रिंकची बाटली. शर्टाच्या खिशात गोड सुपारीच्या पुड्या. आपाची स्कूटर न विचारता नेतो. नमाज फक्त जुम्म्याची, म्हणजे शुक्रवारची, तीपण मागच्या महिन्यात दोनदा चुकली. सहामाहीत गणितात २९.

आपाच्या यादीत नमाज सगळ्यात वर होती आणि झोप नव्हतीच. माझ्या मते यादी उलटी पाहिजे.

६ जानेवारी, सोमवार

काल रात्री तिथेच राहिलो, मुद्दाम हॉलमध्ये झोपलो. सकाळी सहा पाचपासून आपा त्याला हाका मारत होती, मी मोजल्या, अकरा. पहिल्या दोन प्रेमाने, पाचवीपासून आवाज चढला, आठवीला "काफरासारखा पडलाय", अकराव्या हाकेला पांघरूण ओढलं. पोरगा उठला तेव्हा त्याचा चेहरा असा होता की रात्रभर पोतं वाहिलंय. शाळेला जाताना आईकडे बघितलंसुद्धा नाही. दिवसाची सुरुवातच अशी होते, रोज, गेली दोन वर्षं. ती बाईपण रडवेली होऊन भाकऱ्या थापत होती, तिचंही मला फार वाईट वाटलं, नवरा कुवेतला, सासू घरात आजारी, पोरगा असा.

डोळ्यासमोर हिशोब आहे. दोनला झोपला, सातला उठला, पाच तास. या वयाच्या पोरांना आठ ते दहा तास लागतात, डॉक्टर लोक तेच सांगतात, आणि या वयात शरीराचं झोपेचं घड्याळच तास-दोन तास पुढे सरकतं, म्हणजे दहाला झोप आली नाही तर तो सगळाच पोराचा आळस नसतो. त्यात संध्याकाळी ते एनर्जी ड्रिंक. त्याच्याच दप्तरातली रिकामी बाटली हातात घेऊन वाचली, बारीक अक्षरात छापलंय की लहान मुलांसाठी नाही. कॅफीन पोटात गेलं की पाच-एक तासांनीसुद्धा निम्मं अंगात असतं. सातला प्यायला तर बाराला निम्मं शिल्लक.

८ जानेवारी, बुधवार

आज माझ्याकडून चुकलं. रात्री साडेबाराला त्याच्या खोलीत उजेड दिसला, गेलो आणि मोबाईल हातातून हिसकावून घेतला, कपाटात टाकून कुलूप लावलं. दोन शब्द जास्तच बोललो, बापाच्या पैशांवरपण बोललो. पोरगा काही बोलला नाही, भिंतीकडे तोंड करून पडला. आपाला वाटलं आता कुणीतरी मर्द माणूस आला घरात. मला रात्रभर झोप लागली नाही.

९, १०, ११ जानेवारी

बोलत नाही. जेवतो, ताट उचलतो, जातो. मी साइटवरून रोज संध्याकाळी येतोय. झोप तरीही दीडच्या आधी नाही, म्हणजे मोबाईल कपाटात असूनही जागाच. हे लक्षात ठेवायला पाहिजे, रोग नुसता मोबाईलचा नाही.

१२ जानेवारी, रविवार

मोबाईल परत दिला आणि सरळ सांगितलं, बाबा मी हात घातला ते चुकलं, आणि अब्बांच्या पैशांचं बोललो ते तर फारच चुकलं. त्याने नुसती मान हलवली. मग म्हटलं चल, साफा मशिदीला जाऊन येऊ, मला तिथलं चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं काम बघायचंय. खरंच बघायचं होतं.

साफा मशीद आमच्या फोंड्याची, आदिलशाहीतली, सोळाव्या शतकातली. बाजूला मोठी तळी आहे चिऱ्यांनी बांधलेली, आत पाण्याच्या कडेने कमानींचे छोटे छोटे कोनाडे. आम्ही पायऱ्यांवर बसलो. मी त्याला दाखवत होतो की चिरा काढताना मऊ असतो आणि उन्हावाऱ्यात राहून टणक होतो, आणि एवढ्या पावसांत या कमानी कशा उभ्या राहिल्या. तो ऐकत होता. मग एकदम म्हणाला,

"मामू, अब्बांना किती वर्षं झाली तिकडे?"

म्हटलं चार होतील.

"रोज साडेअकराला फोन करतात. अम्मी बोलते, दादी बोलते, मग माझी पाळी येते तेव्हा बारा वाजलेले असतात. ते विचारतात अभ्यास केला का, नमाज पढलास का. मी हो म्हणतो. मग फोन ठेवतात. मग मला झोप नाही येत. मग मी रील्स बघत बसतो."

हे सगळं तो पाण्याकडे बघत बोलला, डोळे भरून आले होते. मी काही बोललो नाही, बरोबर मीठ लावलेले आवळे होते ते काढले, दोघांनी खाल्ले.

घरी आल्यावर मनात हिशोब केला. कुवेत आपल्यापेक्षा अडीच तास मागे. भाईजानची, म्हणजे आपाच्या नवऱ्याची ड्युटी सातला सुटते, रूमवर येऊन आंघोळ, जेवण बनवणं, खाणं, नऊ वाजले की तो फोन करतो, म्हणजे आपल्याकडे साडेअकरा. चार वर्षं हे घर त्या फोनसाठी जागं राहतंय. दादीसुद्धा. पोरगा अकरा वर्षांचा होता तेव्हापासून बाराच्या आधी झोपलेलाच नाही, आणि आम्ही सगळे त्याला म्हणतोय मोबाईलने बिघडला.

१३ जानेवारी, सोमवार

भाईजानशी बोललो, एकट्याशी. आधी त्याला राग आला, दिवसातून एकदा तर आवाज ऐकतो, तोपण नको का. मी म्हटलं नको नाही, वेळ बदलू. तुझी जेवणाची सुट्टी साडेबाराला, आपल्याकडे तेव्हा तीन वाजतात, पोरगा शाळेतून आलेला असतो, ताजा असतो, आणि तेव्हा फोन आला तर दुपारची ती तीन तासांची झोपपण मोडेल. तो म्हणाला साइटवर आवाज असतो, सुट्टी अर्ध्या तासाची, जेवू कधी. मी गप्प बसलो, कारण त्याचं खरं होतं. शेवटी तोच म्हणाला, बरं, खाता खाता बोलतो.

अजून एक मागितलं त्याच्याकडे. नमाज आणि अभ्यास हे दोन प्रश्न एक महिना विचारायचे नाहीत. दुसरं काहीही विचार, तुझं सांग, आज काय खाल्लंस, कुठल्या मजल्यावर काम चाललंय. म्हणाला मग बाप म्हणून मी काय विचारू. त्याला वेळ लागेल.

१४ जानेवारी

तीन वाजून सहा मिनिटांनी फोन आला. मी साइटवर होतो, आपाने कळवलं. नऊ मिनिटं बोलले, त्यातली सात पोराशी. बापाने डबा दाखवला व्हिडिओवर, डाळभात आणि लोणचं.

१७ जानेवारी, जुम्मा

नमाजनंतर हाफिजसाहेबांना भेटलो, भाच्याला न घेता. मला भीती होती की ते पंधरा मिनिटांचं बयान देतील. त्यांनी उलट मलाच विचारलं, घरात त्याला दिवसातून किती वेळा "का केलंस" विचारता? मग हजरत अनस यांची गोष्ट सांगितली, लहानपणी दहा वर्षं त्यांनी नबींच्या घरी खिदमत केली आणि त्या दहा वर्षांत नबींनी एकदाही त्यांना उफ म्हटलं नाही, हे का केलंस किंवा हे का नाही केलंस असं विचारलं नाही. ही हदीस, म्हणजे नबींबद्दलची ही आठवण, मी लहानपणापासून ऐकतोय, मदरशात, लग्नात, सगळीकडे. पण आपाच्या अकरा हाका कानात असताना ऐकली तेव्हा पहिल्यांदा कळली.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती कामाची. इशाच्या, म्हणजे रात्रीच्या नमाजनंतर उगाच गप्पा मारत बसणं नबींना आवडायचं नाही. म्हणजे रात्र लवकर मिटवणं हीपण दीनचीच गोष्ट आहे. आम्ही पोराला फजरसाठी, पहाटेच्या नमाजसाठी मारून उठवतो आणि इशानंतर स्वतः टीव्ही लावतो.

माझं मत पक्कं झालं. सकाळ दुरुस्त करायची नाही, रात्र करायची. आणि नमाजचा दंडुका करायचा नाही. ज्या गोष्टीवरून रोज शिव्या खाल्ल्या ती पोराला कधी आवडणार?

घरात नियम, सगळ्यांसाठी: साडेदहाला सगळे मोबाईल फ्रिजवरच्या टोपलीत. आपाचापण, मी असलो तर माझापण. दादीचा बटणवालापण ठेवला, तिला वाटलं तिला वगळलं तर वाईट दिसेल.

२० जानेवारी, सोमवार

झोपेची वेळ एकदम दोनवरून दहावर आणत नाहीये, जमणारही नाही. तीन-चार दिवसांनी वीस-पंचवीस मिनिटं मागे. १४ ला दीड, १७ ला एक दहा, आज पावणेएक. टोपलीत मोबाईल ठेवल्यावर पहिला तास तळमळतो. मी त्याला माझ्या बॅगेतला जुना नकाशा दिला, ग्राउंड फ्लोअरचा, म्हटलं यात दरवाजे कुठे चुकलेत शोध. दोन शोधले, एक मला माहीतच नव्हता.

आणि पोदेराची गोष्ट. आमच्याकडे पोदेर, म्हणजे दारोदार फिरणारा पाववाला, पावणेसातला येतो, सायकलवर, तो भोंगा वाजवत. रोज दादी गुडघे धरत गेटपर्यंत जाते, उंडे आणि पोळी (दोन्ही पावाचेच प्रकार) घेऊन येते. काल रात्री ती सहज म्हणाली, आता पायऱ्या उतरवत नाहीत रे. मी काही बोललो नाही, आपालापण बोलू दिलं नाही. आज हाक कुणी मारली नाही. भोंगा वाजला, आम्ही सगळे श्वास धरून बसलो, पोदेर गेला. पाव नाही. सगळ्यांनी चहाबरोबर कालची भाकरी खाल्ली. पोराने ताटात भाकरी बघितली, दादीकडे बघितलं.

२१ जानेवारी

भोंगा वाजला तेव्हा हा लुंगीवरच, डोळे अर्धे मिटलेले, गेटवर. सहा उंडे, दोन पोळ्या. पोदेर म्हणाला, "कितें रे, आयज तूं?" सुट्टे परत घ्यायला विसरला, शेजारच्या काकी घेऊन आल्या.

२४ जानेवारी, शुक्रवार

वाईट दिवस. रात्री नऊला स्कूटर घेऊन टर्फवर फुटबॉल खेळायला गेला, येताना उतारावर खडीवरून घसरला. कोपर आणि गुडघा सोलवटला, बाकी अल्लाहची मेहेरबानी. स्कूटरचा आरसा आणि मडगार्ड गेलं.

ओरडलो नाही, पण सोडूनही दिलं नाही. त्याला कायदा समोर बसवून सांगितला. २०१९ ला मोटार वाहन कायदा बदलला, अठराच्या खालच्याने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी एक वर्ष रद्द, आणि पोराला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. गाडी कुणाच्या नावावर आहे? अम्मीच्या. तो बराच वेळ गप्प होता. अम्मीला जेल हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं, त्याला वाटायचं पकडलं तर पोलीस दोनशे रुपये घेतात.

चावी आता आपाच्या गळ्यातल्या दोऱ्यात. आरसा-मडगार्डचे साडेअकराशे, त्यातले पाचशे तो फेडणार, माझ्या साइटवर दोन रविवार माल मोजायला येऊन. फुटबॉल बंद केला नाही. वेळ संध्याकाळची केली, साडेपाच ते सात, चालत जायचं. दुपारची झोप सुटली तर हे जमतं.

२९ जानेवारी, बुधवार

सुपारी. हा विषय मी मागे ठेवला होता कारण तो मला सगळ्यात जास्त घाबरवतो. आमच्या साइटवर एक गवंडी आहे, त्याचं तोंड आता एका बोटाएवढंच उघडतं, भात कालवून पातळ करून खातो. वीस वर्षं पुडी. लोक समजतात तंबाखू नसली की सुपारी चालते, मुलांना लग्नात बशीतून वाटतात. नुसत्या सुपारीनेही गालाच्या आतली कातडी ताठ होत जाते आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ ला नुसत्या सुपारीलाच कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत टाकलंय.

त्याला म्हटलं तीन बोटं उभी धरून तोंडात घाल, वरच्या आणि खालच्या दातांमध्ये. गेली. व्यवस्थित गेली. मी मनात शुक्र अदा केलं. मग त्याने खिशातून पुडी काढून टेबलावर ठेवली, चकचकीत लाल, वर लहान पोरांना आवडेल असं चित्र, दोन रुपये. दिवसाला किती विचारलं, म्हणाला दोन.

मग दादीचा पानदान उघडला. मला हे अवघड गेलं, मोठी बाई आहे, पण बोलावंच लागलं. तोच हा पानदान ज्यातून ती याला तीन वर्षांचा असल्यापासून बडीशेपेबरोबर सुपारीचे तुकडे द्यायची, लाडाने. दादी ऐकून घाबरली. पानदान बंद केला आणि म्हणाली, "मी सत्तर वर्षांची, मला काय व्हायचं ते होऊ दे, पण याला मीच लावली का रे सवय?" पोरगा उठून तिच्याजवळ जाऊन बसला.

पुड्यांच्या जागी आवळा, बडीशेप, वेलची. सुटेलच असं नाही, बघू.

३ फेब्रुवारी

मोजमाप: झोप बारा पाच. उठणं पावणेसात, हाका शून्य. दुपारची झोप पाऊण तास. एनर्जी ड्रिंक आठवड्यात दोन. अब्बांचा फोन रोज तीनला, शुक्रवारी त्यांना सुट्टी असते तेव्हा जुम्म्यानंतर तासभर. आज आपा म्हणाली घरात शांतता आहे, मला सवय नाही.

७ फेब्रुवारी, जुम्मा

पाव घेऊन आल्यावर सूर्य उगवायला दहा-बारा मिनिटं होती, त्याने वजू केली आणि कोपऱ्यात फजर पढला. कुणी सांगितलं नव्हतं. आपा काहीतरी बोलणार होती, माशाअल्लाहच म्हणणार होती बिचारी, मी डोळ्यांनी नको म्हटलं. काही गोष्टींना नजर नको.

१३ फेब्रुवारी, गुरुवार, शब-ए-बरात

यावर आपाचा आणि माझा वाद झाला. ती म्हणाली महिनाभराची मेहनत एका रात्रीत जाईल, याला झोपवायचं. मी म्हटलं ही रात्र त्याची पण आहे, मशिदीत जाऊ दे, अडचण रात्र जागण्याची नाही, त्या रात्री पोरं गाड्या घेऊन फिरतात त्याची आहे. ठरलं: इशाला माझ्याबरोबर, मग कब्रस्तानात नानाच्या कबरीवर दुआ, बाराला घरी. तिथे तो नानाच्या कबरीजवळचं गवत उपटत बसला बराच वेळ. साडेबाराला परत आलो. बाहेर मोटारसायकलींचे आवाज येत होते, त्याने खिडकीतून बघितलं, गेला नाही.

१९ फेब्रुवारी

घसरलं. चार रात्री दीड वाजता, मोबाईल टोपलीतून परत उचलत होता, सुपारीपण वाढली असणार, दात लाल आहेत. नववीची परीक्षा मार्चमध्ये आणि यंदा दहावीची शाळा ७ एप्रिललाच सुरू म्हणतात, मे महिन्याची सुट्टी संपल्यावर नाही, पोरांच्या डोक्यावर ते आहे. गणिताला घाबरलाय, पुस्तक उघडलं की पोटात दुखतं म्हणतो.

स्लॅब टाकल्यावर पाणी मारायला कमीत कमी सात दिवस लागतात, एक दिवस पाणी चुकलं म्हणून स्लॅब फोडत नाही कुणी, दुसऱ्या दिवशी जास्त लक्ष देतो. इथे पण तेच करतोय. गणित रोज फक्त पाच उदाहरणं, सहावं करायचं नाही, करावंसं वाटलं तरी. थोडं पण रोज केलेलं काम अल्लाहला सगळ्यात आवडतं, ही हदीस तर त्यालाच पाठ आहे, त्यानेच मला सांगितली.

१ मार्च, शनिवार

संध्याकाळी चंद्र दिसला, उद्या पहिला रोजा. कुवेतला आजच पहिला होता, तीनच्या फोनवर भाईजान म्हणाला मी एक रोजा पुढे आहे तुझ्या, पोरगा हसला. तिकडे पणजीत कार्निव्हल, इकडे आपा खजूर धुतेय.

रमजानची मला खरी काळजी होती. बरीच पोरं तरावीहनंतर, म्हणजे रमजानच्या रात्रीच्या जादा नमाजनंतर बाहेर भटकतात, सहरीपर्यंत (पहाटेच्या खाण्यापर्यंत) जागतात आणि फजर पढून दुपारपर्यंत झोपतात, महिनाभर दिवसाची रात्र. सुट्टी असती तर चाललं असतं, इथे परीक्षा. म्हणून आधीच बसून कागदावर लिहिलं, त्याच्याच हाताने. तरावीह संपवून दहाला घर, साडेदहाला टोपली आणि झोप. चार पन्नासला सहरी. फजर मशिदीत. मग झोपायचं नाही, गणिताची पाच उदाहरणं तेव्हाच, डोकं थंड असतं. शाळा. जोहरनंतर (दुपारच्या नमाजनंतर) पाऊण तास कैलुला, म्हणजे दुपारची डुलकी, गजर लावून. बेरीज सात तास. कमी आहे, पण तुकडा तुकडा का असेना, रोज एकाच वेळेला.

९ मार्च

आठ रोजे, आठही पूर्ण. दिवसभर सुपारी तोंडात जाऊच शकत नाही, रमजानने तिचं काम अर्धं केलं. इफ्तारनंतर हात खिशाकडे जातो, मी बघितलं. एनर्जी ड्रिंक शून्य, इफ्तारला लिंबूसरबत आणि दादीची नाचणीची पेज.

पोदेर सकाळी येतो तेव्हा घरात खाणारी फक्त दादी, तिला औषधं आहेत म्हणून रोजा नाही. तरी हा गेटवर जातो, एक उंडो आणतो.

२२ मार्च

परीक्षा चालू. गणिताचा पेपर बरा गेला म्हणतो, पोट दुखलं नाही. काल रात्री तरावीहनंतर साडेअकराला आला, कॅरम खेळत होतो म्हणाला. खरं सांगितलं म्हणून मी विषय तिथेच सोडला. आपाला पटलं नाही. तिची भीती मला समजते, तिला एकटीला सगळं निभवायचंय, मी तर रात्री माझ्या घरी जातो.

३१ मार्च, सोमवार, ईद

ईदगाहवरून येताना त्याने माझा हात धरला होता, असा लहानपणी धरायचा. कुवेतला काल झाली ईद, भाईजानने नवीन शर्ट घालून फोन केला. आज पोराने त्याला विचारलं, "अब्बा, तुम्ही तिकडे एकटे कंटाळता का?" भाईजान दोन मिनिटं बोलूच शकला नाही, मग म्हणाला, तीनची वाट बघतो रे.

शीरखुर्मा तीन वाट्या. ईदीतले पाचशे काढून माझ्या हातात ठेवले, स्कूटरचे. मी म्हटलं दोन रविवार काम करून फेडलेस की. म्हणाला मग आरशाचे उरलेले.

६ एप्रिल, रविवार

उद्यापासून दहावी. निकालात गणित ४८. आज साइटवर आला होता, माझ्या बॅगेत पट्टी शोधताना ही वही त्याला सापडली. मी वर स्लॅबवर होतो. खाली आलो तर सिमेंटच्या गोणीवर बसून वाचत होता. मला कसंसंच झालं, त्याच्याबद्दल तीन महिने लिहिलं आणि त्याला दाखवलं नाही. मी म्हटलं वाच, तुझीच आहे. मी चहा सांगितला, दोन कप आले, त्याचा गार झाला.

वही परत दिली तेव्हा कानावर खोचलेल्या माझ्याच पेन्सिलीने त्याने तीन ठिकाणी दुरुस्त्या केल्या होत्या. १२ जानेवारीला "डोळे भरून आले होते" खाली रेघ मारून बाजूला लिहिलंय, उन्हामुळे. २० जानेवारीला, दादी रडत होती तेव्हा, तुम्हाला दिसलं नाही. आणि २९ जानेवारीला "म्हणाला दोन" यातलं दोन खोडून वर लिहिलंय सहा, आणि पुढे, आता एक, कधी कधी दोन.